होळ गावचे होळकर

आपल्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, होळ नावाचे एक गाव आहे. त्या बाजूच्या शाळेत इतिहासाच्या तासाला मल्हारराव होळकरांचे नाव निघाले, की एखादा चुणचुणीत मुलगा हात वर करून विचारणारच, "गुरुजी, होळकर म्हणजे आपल्या होळचे का हो?" प्रश्न मोठा शहाणपणाचा आहे. आडनावातले 'कर' काढून टाकले की गाव उरते, हे त्या पोराने बरोबर ताडले आहे. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. होळकरांचे होळ ते नव्हे. ते जेजुरीच्या मुलखातले, नीरा नदीच्या काठचे. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत याची मोजदाद करू लागलो तर दिवस पुरायचा नाही. वडगाव, पिंपळगाव, नांदूर, चिंचोली... आपल्या जिल्ह्यातलीच मोजून पाहा. म्हणून आडनावावरून गाव काढताना पहिली अट ही, की नाव जुळले एवढ्यावर समाधान मानायचे नाही. माणसे कोणत्या वाटेने गेली, कोणाच्या आश्रयाला राहिली, हे पाहायचे. आज ती वाट आपण होळकरांच्या बाबतीत चालून पाहू.

पण त्याआधी या 'कर' प्रत्ययाविषयी थोडे बोलले पाहिजे. गावात राहणाऱ्या माणसाला गावाचे नाव कोणी लावत नाही. धारूरमध्ये राहणाऱ्याला धारूरकर म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच धारूरचे. तिथे माणूस ओळखला जातो बापाच्या नावाने, वतनाने, धंद्याने, नाहीतर एखाद्या टोपणनावाने. तोच माणूस पोटासाठी किंवा चाकरीसाठी पुण्याला, हैदराबादेला, नागपूरला गेला, की तिथली माणसे विचारतात, "हे कोण?" आणि उत्तर मिळते, "धारूरकर." बीडकर, परळीकर, माजलगावकर ही आडनावे अशीच परमुलखात जन्मली. पुण्यात रामानंद बीडकर महाराजांचा मठ आहे. बीडचे नाव तिथे असे पोहोचले. तेव्हा ध्यानात ठेवा, 'कर' लावलेले आडनाव माणूस कुठे राहतो ते सांगत नाही. तो कुठून निघाला ते सांगते.

ही रीत आजही चालू आहे. कीर्तनकारांचेच घ्या. निवृत्ती महाराज इंदोरीकर यांचे कीर्तन ऐकले नाही असा माणूस आपल्या भागात विरळा. त्यांचे आडनाव देशमुख. इंदोरी हे त्यांचे गाव, अकोले तालुक्यातले. मध्य प्रदेशातल्या इंदूर शहराशी त्याचा काही संबंध नाही, तरी कित्येकजण तसा तो जोडतात. पन्नास-साठ वर्षांनी कोणी आडनावांचा अभ्यास करू लागला, तर त्यालाही होळच्या मुलासारखाच पेच पडेल.

आता मल्हाररावांकडे वळू. त्यांचा जन्म १६ मार्च १६९३ चा. वडील खंडोजी, जातीने धनगर, होळ गावचे साधे रयत. दोन्ही नावे बघा. खंडोजी आणि मल्हार, दोन्ही जेजुरीच्या देवाची. घर त्या देवाच्या छायेतले होते हे नावेच सांगतात. मूल तीन-एक वर्षांचे असताना खंडोजी वारले. भाऊबंदकीत विधवेला आधार मिळेना, तेव्हा आई मुलाला घेऊन माहेरी निघाली. तिचे भाऊ भोजराज बारगळ खानदेशात तळोदे येथे होते. तळोदे म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, सातपुड्याच्या पायथ्याशी. नीरेच्या काठापासून तिथवर त्या काळी पायी किती दिवस लागले असतील याचा अंदाज आपल्यापैकी बैलगाडीने लांबचा प्रवास केलेल्यांना येईल.

माझी समजूत अशी आहे, की 'होळकर' हे नाव खरे रुजले ते तळोद्यात. मामाच्या घरी बारगळ होतेच. त्यात हा दुसऱ्या गावचा पोर. त्याला वेगळे ओळखायचे तर 'होळचा' म्हणूनच ओळखणार. आश्रिताला मिळालेले हे नाव. पुढे याच नावाच्या मुद्रेचे कागद दिल्लीपर्यंत चालले, ही गोष्ट निराळी.

मल्हार मामाची मेंढरे राखी. दुपारी झाडाखाली झोपला असता नागाने फणा धरून त्याच्या तोंडावर सावली केली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. अशी कथा आपल्याकडे पुष्कळ थोर पुरुषांविषयी सांगतात. माणूस मोठा झाला की त्याच्या लहानपणावर लोक सावली धरतात. इतिहासाला उपयोगी गोष्ट निराळी आहे. भोजराज बारगळ हे कदम बांडे या सरदाराच्या पदरी काही घोडेस्वार बाळगून होते. मल्हार मेंढरे सोडून त्या घोड्यांवर बसला. मामाने आपली मुलगी गौतमाबाई त्याला दिली. कदम बांड्यांचे निशाण लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, तिकोनी. मल्हारराव स्वतः मोठे सरदार झाले तेव्हा त्यांनी तेच निशाण जुन्या धन्याच्या परवानगीने आपले केले. म्हणजे नाव गावाचे, भाकरी मामाची, निशाण धन्याचे. घराणे घराणे म्हणतात ते असे चार ठिकाणचे घेऊन उभे राहते.

१७२१ च्या सुमारास मल्हारराव बाजीराव पेशव्यांच्या सेवेत आले, आणि १७२५ मध्ये त्यांच्याकडे पाचशे स्वारांची सरदारी होती. मग माळव्यावरच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि १७३० नंतर माळव्याचा मोठा भाग त्यांच्या वाट्याला आला. इंदूरजवळ त्यांचा तळ पडला. तिथला मल्हारगंज आजही त्या नावाने आहे. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. पानिपत झाले १७६१ मध्ये. १७६६ च्या २० मे रोजी मल्हारराव आलमपूर येथे वारले. आलमपूर आज मध्य प्रदेशातल्या भिंड जिल्ह्यात आहे. होळ, तळोदे, इंदूर, आलमपूर. नकाशावर रेघ ओढून पाहा, शाळेत नकाशा असेलच. सबंध आयुष्य उत्तरेकडे सरकत गेले, पण नाव होळचे राहिले. महेश्वरला राजधानी झाली म्हणून ते महेश्वरकर झाले नाहीत, इंदूरला झाली म्हणून इंदूरकर झाले नाहीत. पुढचे यशवंतराव होळकर तर १७७६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या वाफगावी जन्मले, तेही होळकरच. नाव एकदा दप्तरात बसले की मग गावाशी त्याचा संबंध उरत नाही. ते वंशाबरोबर चालू लागते.

आणि वंशाच्याही बाहेर जाते! इंदूरच्या राज्यालाच लोक 'होळकर' म्हणू लागले. इंदूरला १८९१ मध्ये कॉलेज निघाले, ते होळकर कॉलेज. क्रिकेटच्या रणजी करंडकात 'होळकर' नावाचा संघच होता. सी. के. नायडूंसारखे खेळाडू त्यात खेळले आणि १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत त्या संघाने चार वेळा करंडक जिंकला. राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले होते. नाव तरीही मैदानावर खेळत होते. नीरेकाठच्या एका खेड्याचे नाव, जिथली माणसे क्रिकेट कशाशी खातात हे त्या वेळी विचारत असतील, ते असे देशभर गेले.

मात्र हे नाव घराघरांत ज्यांच्यामुळे गेले त्या होळकर घराण्यात जन्मल्याच नव्हत्या. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडी गावचा. चौंडी जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या आष्टी-पाटोद्याच्या शेजारीच. त्या जिल्ह्याचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. आठ-नऊ वर्षांची मुलगी खंडेरावांशी लग्न होऊन माळव्यात गेली आणि शिंद्यांची होळकर झाली. आडनावांचे स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडेस्वार नाहीतर व्यापाऱ्यांचे तांडे येतात. पण दर पिढीला, दर गावातून, वऱ्हाडाच्या गाडीत बसून जे स्थलांतर होते ते कोणी मोजत नाही. बाई आपले आडनाव वेशीवर ठेवते आणि पुढच्या गावात दुसरे घेते. मग वंशावळीत तिच्या माहेराचा पत्ता लागत नाही. अहिल्याबाईंच्या माहेराचा पत्ता लागतो, कारण त्या अहिल्याबाई होत्या.

१७६७ ते १७९५ ही त्यांच्या कारभाराची वर्षे. काशीविश्वेश्वर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर येथे त्यांनी केलेली कामे प्रसिद्ध आहेत. आपल्या परळी वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. गंमत पाहा, निजामाच्या मुलखातल्या परळीला होळकरांचे नाव पोहोचले ते फौजेबरोबर नव्हे, पाथरवटांबरोबर. त्या स्वतः मात्र कागदावर 'श्रीशंकर' अशी निशाणी करीत. राज्य देवाचे, आपण कारभारी, अशी त्यांची भावना होती.

इथे शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. माणकोजी शिंदे आणि ग्वाल्हेरचे महादजी शिंदे, आडनाव एकच. पण माणकोजी धनगर समाजातले, आणि महादजींचे घराणे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या मराठा पाटलांचे. आडनाव सारखे म्हणून नाते धरायचे तर फसगत होईल. आपल्या जिल्ह्यात तर हे रोजचे आहे. पवार मराठ्यांत आहेत, बंजारा तांड्यावर आहेत, पारध्यांत आहेत, दलित वस्तीत आहेत. राठोड म्हटले की राजस्थानातला रजपूत डोळ्यांपुढे येतो. इथे तो शेजारच्या तांड्यावरचा आपला शाळासोबती असतो. चव्हाण, जाधव यांचीही तीच तऱ्हा. आडनावावरून जात ओळखण्याची कला आपल्या समाजाला फार अवगत आहे असा आपला समज असतो. ती कला नाही, तो अंदाज आहे, आणि तो वारंवार चुकतो. तरीही नव्या मुलाने नाव सांगितले की "पूर्ण नाव सांग" असे म्हणणारी माणसे कमी नाहीत. ती पूर्ण नाव कशासाठी विचारतात हे मुलालाही कळते.

परमुलखात गेले की आडनावाचा उच्चारही बदलतो. शिंद्यांचे सिंधिया झाले, गायकवाड इंग्रजी कागदात 'गायकवार' झाले, धारचे पवार 'पुआर' झाले. होळकर त्यातल्या त्यात सुटले. ळ चा ल झाला, एवढेच. उत्तरेकडच्या जिभेला आपला ळ पेलत नाही, त्याला काय करणार!

होळकर या नावाचा अर्थ इंग्रजी वाचकांना ज्याने समजावून दिला त्याचे आडनावही मोठे प्रवासी होते. सर जॉन माल्कम. १८१७ च्या २१ डिसेंबरला महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या वेळी तो इंग्रजांच्या बाजूने लढत होता. आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला यशवंतरावांच्या अल्पवयीन मुलाशी जो तह झाला तो त्यानेच घडवून आणला. पुढे १८२३ मध्ये त्याने मध्य हिंदुस्थानविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात होळकर म्हणजे होळ गावचा रहिवासी, अशी फोड त्याने दिली आहे. राज्य तोडणाऱ्यानेच नावाची फोड करावी, हाही इतिहासाचा एक नमुना.

हा माल्कम स्कॉटलंडचा. तिथल्या दक्षिण सरहद्दीवरच्या एका शेतकऱ्याच्या घरात १७६९ मध्ये जन्मलेला. घरात सतरा भावंडे. एवढ्या लेकरांना शेती पुरेना, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात पाठवले. आता त्याच्या नावाचा अर्थ पाहा. स्कॉटलंडची जुनी भाषा गेलिक. त्या भाषेत 'मेल कोलुम' म्हणजे कोलुंबाचा मुंडन केलेला सेवक, कोलुंबाचा दास. संत कोलुंबा हा मूळचा आयर्लंडचा. तो ५६३ साली समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आयोना बेटावर आला आणि तिथे त्याने मठ स्थापला. त्याच्या भक्तांनी मुलांना हे नाव ठेवले. पुढे स्कॉटलंडचे चार राजे या नावाचे झाले. मग ते आडनाव झाले. आपल्याकडे रामदास, विठ्ठलदास असतात, तशातलाच प्रकार. म्हणजे मंदसोरला समोरासमोर बसलेल्या दोघांत एकाचे नाव जेजुरीच्या देवाचे, मल्हार, आणि दुसऱ्याचे आयोनाच्या संताचे, माल्कम. (मल्हार आणि माल्कम हे शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून त्यांचे नाते जोडणारा कोणी भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. कानावर भरवसा ठेवून आडनावांचे मूळ काढणारे पंडित सर्व देशांत आहेत.)

स्कॉटलंडात आडनावे पडण्याच्या रीती आपल्याहून फार वेगळ्या नाहीत. गावावरून पडतात. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे आडनाव एल्फिन्स्टन नावाच्या गावावरून आले. आपल्या पद्धतीने म्हणायचे तर तो 'एल्फिन्स्टनकर'. मुंबईतल्या एका स्टेशनला त्याचे नाव होते, ते २०१८ मध्ये बदलून प्रभादेवी झाले. बापावरूनही नावे पडतात. 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅक्डोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. आपल्या जुन्या मोडी कागदांत 'मल्हारजी बिन खंडोजी' असे लिहीत, त्यातला 'बिन' तो हा. फरक इतकाच, की आपल्याकडे दर पिढीला बापाचे नाव बदलते, आणि तिकडे कोण्या एका डोनाल्डचे नाव कायमचे चिकटून बसले. आडनावे बदलण्याचाही प्रकार तिकडे आहे. पोल्टालोक येथील मॅक्कॅलम घराण्याने अठराव्या शतकात आपले आडनाव बदलून माल्कम केले. मॅक्कॅलममध्येही तोच कोलुंबा दडलेला आहे, म्हणून बदल सोपा गेला.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली माणसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मोठ्या संख्येने कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. त्यांतली पुष्कळशी आपखुशीने गेली नाहीत. जमीनदारांना लोकरीत पैसा दिसला; त्यांनी कुळांना उठवून त्या जमिनीवर मेंढरे सोडली. आमच्याकडे मेंढपाळाचा मुलगा राजा झाला, आणि तिकडे मेंढरांनी माणसे हुसकली. आज त्या देशांतल्या टेलिफोनच्या यादीत पानेच्या पाने मॅक सापडतात, ती या हुसकलेल्या घरांची. माल्कमचे नाव तर आपल्या महाबळेश्वरलाही येऊन बसले. तिथल्या वसाहतीला माल्कम पेठ म्हणत.

याच माल्कमने मंदसोरच्या तहानंतर इंदूरजवळ महू येथे इंग्रजी फौजेची छावणी वसवली. त्या छावणीत पुढे एका सुभेदाराची नेमणूक झाली. त्यांचे नाव रामजी सकपाळ. १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना तिथे मुलगा झाला, भीमराव. घराण्याचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. सकपाळ हे आडनाव मागे पडले आणि गावावरून आलेले आडनाव पुढे आले. सातारच्या शाळेत आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांचा या मुलावर जीव होता, त्यांनी आंबडवेकरचे सुटसुटीत आंबेडकर करून दप्तरात लिहिले, असे चरित्रकार सांगतात. ते शिक्षक ब्राह्मण, विद्यार्थी त्या काळच्या समाजाने अस्पृश्य मानलेला. आणि आडनाव एक! वर आपण म्हटले ना, की आडनावावरून जात ओळखण्याचा अंदाज चुकतो. त्याचा याहून ठसठशीत दाखला शोधूनही मिळणार नाही. गावाचे आडनाव घेण्यात पुष्कळ घराण्यांनी हा फायदा पाहिला आहे. धंद्याचे किंवा हिणवून ठेवलेले नाव मागे टाकता येते, आणि गाव तर सगळ्यांचे असते.

हे नाव मराठवाड्याला फुकट मिळालेले नाही. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. त्यावरून आपल्या गावागावांत काय घडले, कोणाची घरे जळली, हे सांगणारी माणसे अजून आहेत. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. नावात काय आहे असे म्हणणाऱ्याने ती सोळा वर्षे आठवावीत. महूचेही नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले.

आता तुमच्या शाळेच्या दप्तराकडे या. आपल्याकडे ज्याला दाखल-खारीज म्हणतात ते रजिस्टर म्हणजे गावाच्या आडनावांची वहीच आहे. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपले, तोवर सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात. उर्दू लिपीत मराठी आडनाव लिहिताना ळ, ण यांची सोय नाही, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. मग वाचणारा आपल्या अंदाजाने वाचतो आणि एकाच घरातल्या आजोबा-नातवांची आडनावे निराळी होऊन बसतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना केवढी मागणी आली ते तुम्ही पाहिलेच आहे. कपाटातल्या एका ओळीवर घरादाराचे लक्ष लागते. म्हणून दाखला देताना काना-मात्रा जपून लिहावी. आणि पोराच्या आडनावाचे 'शुद्धीकरण' परस्पर करू नये. सातारचे शिक्षक प्रेमाने नाव बदलून गेले, पण सगळ्यांना ते शोभणार नाही.

विशेष काळजी ऊसतोडणीच्या मुलांची घ्यावी. दिवाळीच्या पुढेमागे आपल्या जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेतलेले कोयते निघतात, ते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तिकडच्या फडात त्यांना आडनावाने कोणी हाक मारीत नाही. 'बीडची टोळी' एवढेच. तळोद्याच्या त्या मुलाला 'होळचा' म्हणत असतील, तसेच हे. काही जण तिकडेच राहतात. त्यांच्या मुलाचे नाव तिथल्या शाळेत घातले जाते तेव्हा लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येते ते आडनाव पडते. पुढे गावाकडचा दाखला आणि तिकडचा दाखला जुळत नाही, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. ही अडचण एका चिठ्ठीने टळते. मूल हंगामाला जाताना त्याच्याबरोबर पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावी.

ज्यांना आपल्या घराचा माग काढायचा आहे त्यांनी सुरुवात कुलदैवतापासून करावी. कुळ कुठेही गेले तरी देव सहसा बदलत नाही. बीड जिल्ह्यात राहणारे घर जत्रेला कुठे जाते, जेजुरीला, तुळजापूरला, की आणखी कुठे, यावरून वाट बऱ्यापैकी सापडते. मग त्र्यंबकेश्वर, पैठण अशा क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. पूर्वज यात्रेला गेला असेल तर त्याचे, बापाचे, भावांचे नाव आणि गाव तिथे लिहिलेले सापडते. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी वंशावळी सांगत फिरतात, आपल्याकडे भाट. त्यांचे ऐकावे, पण शंभर पिढ्यांपूर्वीचा सूर्यवंश त्यांनी जोडून दिला तर त्याबद्दल जास्त दक्षिणा देऊ नये. तहसिलातले खासरा पत्रक, गावचे कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज ही तीन कागदे आधी पाहावीत. ती जवळची आहेत आणि खोटे बोलण्याचा त्यांना काही मोह नाही.

आणि वंशावळ लिहायला बसलात तर आजीच्या नावापुढे तिच्या माहेरचे आडनाव आणि गाव लिहायला विसरू नका. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे असा राज्य शासनाचा निर्णय आहे. म्हणजे पुढच्यांना आईचे नाव तरी दप्तरात मिळेल. मागच्यांचे मात्र अजून जिवंत असलेल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहे. त्यांना यंदाच्या सुट्टीत विचारून घ्यावे.